खोलीत वकील हवा

पूर्वी कंपनीत वकीलसाहेबांना नकारघंटा म्हणत. त्यांची खोली तळघरात, मोडक्या प्रिंटरांच्या शेजारी होती. एखादं ॲप बाजारात गेलं, लोकांनी शिव्या घातल्या, नोटीस आली, की मग कुणीतरी जिना उतरून यायचं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. साहेब म्हणायचे, "हे आधी विचारायचं होतं." येणारा म्हणायचा, "आधी विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात." दोघांचंही खरं होतं.

मग मालकांना कुठूनसं कळलं, की वकिलाचा सल्ला घेताना झालेलं बोलणं कोर्टात उघड करावं लागत नाही. झालं! त्यातला सल्ला मालकांनी तिथल्या तिथे गाळला आणि वकील तेवढा ठेवून घेतला. साहेबांना तळघरातून उचलून वरच्या मजल्यावर, मालकांच्या उजव्या हाताला, मऊ पाठीची फिरती खुर्ची देऊन बसवलं. आता त्यांच्यावाचून एकही बैठक होईना. प्रत्येक मेलची प्रत त्यांना, वर 'गोपनीय, कायदेशीर सल्ल्यासाठी'. कॉफीचं मशीन गळतंय हेसुद्धा गोपनीय. त्यांना विचारत मात्र कुणी काही नसे. बुजगावण्याला कुणी पिकाबद्दल विचारतं का?

साहेबांना याचं वाईट वाटलं असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं ती खुर्ची पाहिलेली नाही. शिवाय कार्डावर 'मुख्य विश्वास अधिकारी' असं छापून आलं होतं. बायकोनं विचारलं, "तिथे दिवसभर करता काय तुम्ही?"

"असतो."

"असतो म्हणजे?"

"माझं असणंच महत्त्वाचं आहे."

"बरं. अधूनमधून घरी पण असत जा," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

आत्याला मात्र कोण कौतुक! आईमागे तिनंच त्यांना वाढवलं होतं, शिकवलं होतं. आता ती एकटी राहायची, म्हणून साहेबांनी तिला कंपनीचं नवं घड्याळ दिलं. म्हातारं माणूस पडलं, की घड्याळानं वाजायचं आणि आपण होऊन घरच्यांना फोन करायचा. आत्या ते अंघोळीलाही काढत नसे, आणि सगळ्या इमारतीला दाखवून झालं होतं.

ती पडली ती अंघोळीच्या खोलीतच. खुबा मोडला. घड्याळ ढिम्म. शेजारणीला हाक ऐकू गेली तेव्हा दुपार कलली होती.

दुसऱ्या दिवशी साहेब तावातावानं बैठकीत शिरले. "घड्याळ वाजलं का नाही?"

घड्याळांची चाचणी करणारी मुलगी चाचरत म्हणाली, "सर, ते मी मागेच सांगितलं होतं. ओल्या फरशीवर माणूस घसरत घसरत खाली जातो. घड्याळाला वाटतं, बसलाय. तुम्ही इथेच होतात. तुम्ही मान हलवलीत."

हलवली होती. त्या दिवशी साहेब खुर्चीची पाठ किती मागे जाते ते बघत होते. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"तुमची मान हलली, म्हणून तर आम्ही माल बाजारात सोडला," मालक प्रेमानं म्हणाले.

"परत मागवा. सगळी घड्याळं. आजच्या आज."

"हा तुमचा सल्ला?"

"हो, सल्ला!"

"कायदेशीर?"

"शंभर टक्के!"

"वा!" मालकांचा जीव भांड्यात पडला. "मग हेही गोपनीय. पुढचा विषय घ्या."

संध्याकाळी साहेब दवाखान्यात गेले. आत्याच्या मनगटावर घड्याळ तसंच होतं.

"आत्या, काढ ना ते."

"का रे? तू दिलंयस." मग तिनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. ज्याला लहानाचा मोठा केला, त्याचा चेहरा तिला वाचता येत होता. "हे अंघोळीच्या खोलीत वाजत नाही, हे तुमच्या लोकांना ठाऊक होतं का?"

हो म्हणावं तर बैठकीतलं फुटतं, वकिलीची सनद जाते. नाही म्हणावं तर समोर आत्या.

"मला ते सांगता येत नाही गं."

"तुला ठाऊक होतं?"

"तेही सांगता येत नाही."

आत्याचे डोळे भरून आले, आणि ते खुब्याच्या दुखण्यानं नव्हे हे साहेबांना कळलं. मग तिनं घड्याळ काढून उशाशी टाकलं आणि समोरच्या खाटेवरच्या बाईंना हाक मारली. त्यांच्या हातातही तसलंच घड्याळ होतं.

"अहो, त्याच्या भरवशावर अंघोळीला जाऊ नका हं. तिथे ते वाजत नाही."

"कशावरून म्हणता?"

"हा माझा भाचा त्याच कंपनीत वकील आहे," आत्या सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "विचारा त्याला. बघा कसा गप्प बसतो."

बाईंनी विचारलं. वकीलसाहेब गप्प बसले. बाईंनी पट्टा सोडला.