ऊनबर्डीच्या कुंडातली सोयरीक

त्या साली बबनरावांच्या घरात कापूस राहत होता आणि माणसं अंगणात. खोटं नाही सांगत. पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली, मधली खोली दाराच्या चौकटीपर्यंत, आणि देवांची रवानगी झाली होती खिडकीत. स्वयंपाक लिंबाखाली. रात्री खाटा अंगणात. पाहुणा आला की त्याला बसवायचं कुठं, हा प्रश्नच नव्हता, कारण बबनराव पाहुण्याला फाटकातूनच वाटेला लावत.

कारण काय, तर भाव! आदल्या साली कापसानं असा भाव खाल्ला होता की गावातल्या लोकांची डोकीच फिरली. यंदा भाव धाडकन खाली आला. शहाण्यांनी नाक मुठीत धरून विकून टाकला. बबनराव मात्र रोज सकाळी मोबाइल डोळ्याशी धरून म्हणत, "चढते. थांब जरासा." त्यांची बायको लीलाबाई थांबली. दिवाळी गेली, संक्रांत गेली, शिमगा तोंडावर आला. भाव काही चढला नाही. चढली ती खाज.

घरात साठवलेला कापूस ऊन तापू लागलं की घरातल्यांच्या अंगावर येतो. त्यातून डोळ्याला न दिसणारी बारीक कीड निघते आणि माणसाच्या कातडीत मुक्काम ठोकते. बबनराव भिंतीच्या कोपऱ्याला पाठ घासत उभे राहत. लीलाबाई लाटणं पोळीसाठी कमी आणि पाठीसाठी जास्त वापरू लागली. आणि खुशी, त्यांची एकुलती एक पोर, तिच्या दोन्ही हातांवर लाल गांधी उठल्या होत्या.

आता खुशीच्या हाताचं इतकं काय, म्हणाल. तर येत्या रविवारी दारव्ह्याकडचे पाहुणे तिला पाहायला येणार होते. मुलगा साखर कारखान्यात चिकटलेला, घरी शेती, माणसं चांगली. फोटोवरून पसंती झाली होती. बबनराव एकदा जाऊन मुलाच्या आईबापाला, रुक्माबाई-देवरावांना, भेटून आले होते. आणि तिथं, चहाचा कप हातात असताना, या माणसानं छाती फुगवून सांगितलं होतं, "आपण तर दिवाळीलेच इकून मोकळे झालो. वरच्या भावात!"

"कायले सांगितलं असं?" लीलाबाईनं कपाळाला हात लावला होता.

"त्यायनंही दिवाळीलेच इकला म्हने. मंग मी काय येडा म्हून बसू त्यायच्यासमोर?"

आता रविवारी पाहुणे येणार, पोट्टी पोह्यांची बशी खाली ठेवून दंड खाजवत बसणार, आणि मधल्या खोलीतून कापूस डोकावणार. सोयरीक मोडलीच म्हणून समजा! चांगलं स्थळ हातचं जाणार, आणि तेही या बाबाच्या फुशारकीपायी. लीलाबाईला रात्र रात्र झोप नव्हती. खाजेनं नव्हती ती वेगळीच.

म्हणून ऊनबर्डी. ढाणकीच्या पलीकडे, जंगलातल्या डोंगरावर हे एवढंसं गाव. तिथं जमिनीतून गरम पाणी येतं आणि कातडीचं काहीही असलं तरी धुऊन नेतं, असं लोक म्हणतात. तिघंही काळीपिवळी जीपमध्ये स्वतःला कोंबून घेत पायथ्याशी गेली, मग चढ. बबनराव चार पावलं चालत आणि एका झाडाला पाठ घासत. डोंगरावरचं एकही झाड त्यांनी सोडलं नाही.

वर दोन कुंडं. एक बायांचं, एक पुरुषांचं, मध्ये डोक्याइतकी भिंत. आणि राखण मथुराबाईची. म्हातारी काठी घेऊन पायरीवर बसलेली. तिथली रीत अशी की उतरण्याआधी ओंजळीत पाणी घ्यायचं आणि आपल्याला काय झालंय ते मोठ्यानं सांगायचं.

"मनात सांगतलं तर चालते का?" लीलाबाईनं विचारलं.

"पानी जमिनीतून येते बाई, कोनाच्या मनातून नाही येत," मथुराबाई म्हणाली. "जे सांगसान ते पानी बरं करीन. खोटं सांगसान तर खोटंच बरं करीन."

लीलाबाईनं इकडेतिकडे पाहिलं. कुंडात, वाफेत चेहरा धड न दिसणारी एक अनोळखी बाई सोडली तर कोणी नव्हतं. तिनं आणि खुशीनं पटकन सांगून टाकलं, "खाज. घरातल्या कापसाची," आणि उतरल्या. पाणी असं कढत की आधी जीव गेला आणि मग आला. अहाहा! लीलाबाई गळ्यापर्यंत बुडाली आणि तिला बऱ्याच दिवसांनी देव आठवला.

ती दुसरी बाई हसली. "तुमच्या घरीही कापूसच का वो?"

"तुमच्या?"

"बोलू नोका. पोराच्या लग्नासाठी नवी खोली बांधली. सुनेसाठी. खिडक्या, फरशी, सारं केलं. अन् मालकानं त्यात भरला कापूस! वरपर्यंत!"

"मंग सून झोपीन कुठं?" खुशीनं विचारलं.

"कापसावर! दुसरं काय?"

तिघी हसून हसून पाण्यात लोळायच्या बाकी राहिल्या. बाईच्या पाठीला हात पोचत नव्हता. खुशीनं न सांगता काठावरच्या लिंबाच्या पाल्याचा बोळा केला आणि तिची पाठ घासून दिली. बाई डोळे मिटून म्हणाली, "देवानं अशी पोट्टी आमच्या घरात द्यावी, बाई."

तेवढ्यात भिंतीपलीकडून बबनरावांचा आवाज आला. आवाज कसला, घाबरलेल्या माणसाची किंकाळीच ती.

"अरे! देवराव! तुमी? इकडं कसे काय?"

लीलाबाईच्या अंगातलं रक्त गार पडलं, एवढ्या कढत पाण्यात. तिनं त्या बाईकडं पाहिलं. त्या बाईनं तिच्याकडं पाहिलं. खुशीनं पाल्याचा बोळा हळूच पाण्यात सोडला.

"रुक्माबाई?" लीलाबाई कुजबुजली.

"लीलाबाई?"

दोघींच्याही घरचं बिंग फुटलं होतं. दोघी भिंतीला कान लावून उभ्या राहिल्या.

"इतक्या लांब आलो," पलीकडे देवराव सांगत होते, "म्हनजे, ते… गुडघ्याचं म्हून."

"मलेही गुडघ्याचंच!" बबनराव आनंदानं म्हणाले. "काय योगायोग पाहा! कापसाचं काय मंग? यंदा तुमी बरोबर वेळ साधली."

"तुमीही साधली ना बाप्पा. घरात भरून बसले ते येडे."

"महायेडे!"

आणि मधूनमधून कर्र कर्र असा आवाज. दोन माणसं गुडघेदुखीनं पोटं खाजवत होती.

"गुडघे सांगितले तर गुडघेच बरे होतीन!" मथुराबाई काठी आपटून ओरडली. "मंग खाजवून खाजवून मरा!"

लीलाबाईनं खुशीच्या हातावरच्या गांधींकडं पाहिलं. ही पोर उद्या त्या घरात जाणार, तिथंही कापूस, तिथंही हेच. आणि हे दोघं एकमेकांना शहाणे म्हणत बसणार. तिच्या डोक्यात तिडीक गेली. सोयरीक मोडायची तर मोडू दे!

"अवो खुशीचे बाबा!" ती भिंतीवर थाप मारून ओरडली. "गुडघे नाही, खाज म्हना! दोन खोल्या कापूस हाये घरात म्हना!"

पलीकडची कर्र कर्र थांबली.

मग रुक्माबाईनं पदर खोचला. "अन् तुमीही म्हना! सुनेच्या खोलीत कापूस कोंबला म्हना!"

"अन् ऐकून घ्या दोघंही," लीलाबाईनं भिंतीवर पुन्हा थाप मारली. "त्या खोलीतला कापूस निघाल्याबिगर माही पोट्टी त्या घरात पाय ठेवनार नाही!"

रुक्माबाईनं एक क्षण तिच्याकडं रोखून पाहिलं. लीलाबाईला वाटलं, संपलं सारं. मग रुक्माबाई म्हणाली, "अन् तुमच्या घरातला निघाल्याबिगर आमी रविवारी येनार नाही. बसाले जागा तर पाह्यजे!"

"अवं पन भाव…" दोन्ही बाप एकदमच बोलले.

"आधी कापूस निघू द्या!" दोन्ही आयाही एकदमच.

मग ओंजळीतून पाणी सांडल्याचा आवाज आला आणि बबनराव पुटपुटले, "खाज. घरातल्या कापसाची."

"माहीही तेच," देवराव म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या दोनच खोल्या का?"

"दोनच. पन आढ्यापर्यंत!" बबनरावांच्या आवाजात पुन्हा ऐट आली.

"माह्याही छतापर्यंतच हाये. अन् खोली मोठी."

"घ्या!" रुक्माबाईनं कपाळावर हात मारला. लीलाबाईला हसू आणि रडू एकदमच फुटलं. खुशी तर पाण्यात तोंड लपवून हसत होती.

कपडे बदलून तिघी पायरीवर आल्या. पुरुषांच्या कुंडात दोघे व्याही एकामागे एक बसले होते. देवरावांनी डोळे मिटले होते आणि बबनराव मन लावून त्यांची पाठ खाजवत होते.

"जरासं वर, इवाई," देवराव म्हणत होते. "हां… तिथंच. आता तुमी फिरा."