सतरा नंबरचा फॉर्म

मरोळच्या त्या मदरशात आता दुपारी फळा लागतो. सकाळी मुलं कुराण पाठ करतात, आणि जोहरची नमाज झाली की त्याच चटईवर, तशाच मांड्या घालून गणिताला बसतात. शिकवायला घाटकोपरहून संघमित्राबाई येतात. मदरशाचे जुने उस्ताद हाफिज शफीउद्दीन बुरोंडकर आधी कुरकुरले. मग हळूच दाराशी येऊन बसू लागले. मग एके दिवशी बाईंसाठी स्वतःच चहा घेऊन आले. वय बहात्तर, दाढी कापसासारखी, डोकं कुराणाच्या तिसाच्या तीस पाऱ्यांनी, म्हणजे भागांनी, काठोकाठ भरलेलं. बेरीज मात्र अजून बोटांवर.

यंदा बाईंनी नवी टूम काढली. मदरशापायी ज्यांची शाळा सुटली, त्या जुन्या मुलांनाही बोलवायचं. सतरा नंबरचा फॉर्म भरून त्यांना बाहेरून दहावीला बसवायचं. फोन करायचं काम उस्तादांकडे आलं. त्यांनी बोलावल्यावर नाही कोण म्हणणार?

"यादीतले सगळे झाले," बाई म्हणाल्या. "तेवढा उबैद हमदुले राहिला, हाफिजसाहेब."

"राहू दे त्याला."

"का? नंबर नाहीये?"

"नंबर आहे, बाई. कुठल्या तोंडाने लावू ते सांगा."

मग त्यांनी सांगितलं. उबैद तेव्हा बारा वर्षांचा. म्युनिसिपालटीच्या शाळेत सातवीला, आणि इथे अकराव्या पाऱ्यावर. गळा असा, की पहाटेच्या जात्यातून पीठ झरावं तसे शब्द झरायचे. पण पोराला आकड्यांचं वेड. एक दिवस कुराणाच्या कापडी गिलाफात, कुराणाला खेटून ठेवलेली गणिताची वही सापडली. उस्तादांना वाटलं, एका घड्यात दोन विहिरींचं पाणी कसं मावेल? आकडे आत शिरले की कुराणाच्या आयती बाहेर सांडतील. त्यांनी वही काढून घेतली, बापाला बोलावून शाळेतून नाव काढायला लावलं. शाळेच्या बाई समजवायला आल्या, त्यांना दारातूनच परत पाठवलं. चौदाव्या वर्षी अख्खं कुराण पाठ करून उबैद हाफिज झाला. डोक्यावर पगडी बांधली, मोहल्लाभर पेढे वाटले. आता तो साकीनाक्याला रिक्षा चालवतो.

"रिक्षा चालवण्यात वाईट काय आहे?"

"काहीच नाही. पण ती त्याने कुठे निवडली, बाई? मी निवडली."

बाईंनी आपलाच फोन पुढे केला. "लावा."

उबैद दुसऱ्याच दिवशी दुपारी आला. खाकी शर्ट, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवलेल्या. उस्तादांनी बाजूची गादी थोपटली, तर हा खाली फरशीवर बसला.

"अरे, वर बस."

"इथेच बरं आहे, उस्ताद. तब्येत कशी आहे?"

"तब्येतीचं सोड. मी तुझ्याशी चुकलो रे, उबैद."

"असं नका बोलू. तुमच्यामुळे दर रमजानला तीनशे माणसं माझ्यामागे नमाजला उभी राहतात."

"आणि बाकीचे अकरा महिने?"

उबैद हसला. "अकरा महिने मागे पॅसेंजर असतो ना."

बाईही हसल्या. त्यांनी फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. "हा कधी पाहिलायस का?"

"दोनदा आणला होता, मॅडम. एकदा एकोणिसाव्या वर्षी, मग लग्नाच्या आधी. भरला नाही."

"का रे?"

उबैदने उस्तादांकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. "उस्ताद बोलले होते ना, मी सांगेपर्यंत वही उघडायची नाही."

हाफिजसाहेबांनी आठवून पाहिलं. हजारो आयती जिथल्या तिथे होत्या, पण हे वाक्य कुठे सापडेना. म्हटलं असणार. असं काहीबाही ते रोज कुणाला ना कुणाला म्हणत. पगडी बांधली त्या दिवशी सांगायला हवं होतं, जा बाळा, आता उघड. पेढ्यांच्या गडबडीत राहून गेलं. आणि हा तिकडे नाक्यावर, हँडलवर हात ठेवून, त्या एका शब्दाची वाट बघत होता.

"मला विचारायचं नाही का रे?"

"तुम्हाला कसं विचारणार?"

त्या आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. उस्तादांनी हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. केस पिकायला लागले होते.

"उघड," ते म्हणाले. "आजपासून उघड. एकोणीस वर्षं झाली, मी सांगायचंच विसरलो रे."

उबैदने मान हलवली, पाठांतराचा नवा सबक मिळाल्यासारखी. बाईंनी कागदावर एक बेरीज लिहून दिली, दोन तृतीयांश अधिक तीन चतुर्थांश. तो पेन धरून बसला. खाली काहीतरी लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं.

"वाट लागली, मॅडम," तो म्हणाला. "हे मला झोपेत यायचं."

उस्ताद पुढे सरकले. पठणात कोणी अडखळलं की पुढचा शब्द हळूच त्याच्या कानावर घालायचा, हेच त्यांनी जन्मभर केलं होतं. आत्ताही ओठ हलले. पण त्या दोन अपूर्णांकांच्या पुढे काय येतं, ते त्यांना स्वतःलाच कधी कोणी शिकवलं नव्हतं. बाई वाकून समजावू लागल्या. पंख्याच्या वाऱ्याने कागद फडफडत होता. उस्ताद त्याचा कोपरा दाबून धरून बसले.