खारं तीर्थ

गुरुवारी संध्याकाळी आमच्या नायगावच्या सोसायटीच्या हॉलबाहेर चपला ठेवायला जागा उरत नसे. लिफ्टमध्ये एकमेकांकडे ढुंकून न बघणारी माणसं मांडीला मांडी लावून बसत आणि एका बाटलीकडे टक लावत. मूलानंद महाराज बाटलीवरचं काळं मखमली वेष्टन हळूहळू वर सरकवत. आत तुळशीची काडी, आणि काडीला पांढरीशुभ्र मुळं. माती नाही, कुंडी नाही. लगेच शंभर हात जोडले जात.

"इथे मूळ फुटलं," महाराज म्हणत, "की देहातल्या रोगाचं मूळ तुटलं."

मी कीर्तनवेडी बाई. कुठे मृदंग वाजला की माझी भाजी करपलीच म्हणून समजा. त्यामुळे पहिल्या गुरुवारी मीही टाळ घेऊन पुढे बसले होते. पण या माणसाला सूर नाही, ताल नाही. अभंगाच्या दोन ओळी म्हणायचा, तिसरी आठवली नाही की डोळे मिटून घ्यायचा. लोकांना वाटे, समाधी लागली.

धंद्याचे नियम मात्र तोंडपाठ. आजारी माणसाला आधी एक बाटली मिळे. गोळ्या चालू असतील तर तिच्यातली काडी काळी पडते, कारण म्हणे विष आणि विष्णू एका देहात नांदत नाहीत. मग गोळ्या महाराजांच्या चरणी ठेवायच्या आणि दुसरी बाटली न्यायची. तिला हमखास मुळं. पाणी बदलायचं नाही, जिभेला तर मुळीच लावायचं नाही.

माझ्या समोरच्या दारातली स्वप्ना पहिली बाटली घेऊन आली. तिची आर्या नववीत आहे. चौथीपासून तिला मधुमेह, दिवसातून चार वेळा इन्सुलिन. आठवड्यात काडी काळीठिक्कर पडली आणि स्वप्नाने ठरवलं, येत्या गुरुवारी इन्सुलिन महाराजांच्या पायाशी ठेवायचं. ते बंद झालं तर पोरगी चार दिवसांत हॉस्पिटलात जाईल, कदाचित परतही येणार नाही, हे मी तिला परोपरीने सांगितलं.

ती म्हणाली, "काकू, डॉक्टर आयुष्यभर टोचा म्हणतात. महाराज निदान बरी होईल म्हणतात."



याचं उत्तर मंगळवारी वसईतल्या गिरीजहून भाजीची पाटी घेऊन आलं. सेलिन वाडीवाली. उन्हाळ्यात यांच्या विहिरींना खारेपणा चढतो, म्हणून वाफ्यात पाणी सोडायच्या आधी ही बाई थेंबभर जिभेवर घेते. वर्षानुवर्षांची सवय. स्वप्नाच्या दारातली मेलेली तुळस बघून तिने बाटलीत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकली.

"बाय, हे खारं आहे. मिठाच्या पाण्यात तुळस जगेल कशी?"

"ते तीर्थ आहे, जिभेला लावायचं नसतं," स्वप्ना कळवळली.

"म्हणूनच लावू नका सांगितलं ना त्याने."

मग पाटी खाली ठेवून सेलिनने सगळी विद्या फुकट शिकवली. कोवळा शेंडा घ्यायचा. जिथून पान फुटतं त्या गाठीच्या जरा खाली कापायचा. पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची, नाहीतर कुजतात. पाणी गोडं, दोन दिवसांनी बदलायचं. बाटलीला काळा कागद, कारण मुळांना अंधार मानवतो आणि पाण्यात शेवाळ धरत नाही. झाली मखमल! तिच्या लेकाने, ज्युडने, गच्चीवर पाइपात, नुसत्या खत घातलेल्या पाण्यावर पालेभाजी लावली आहे. बी स्पंजच्या तुकड्यात रुजवतो.

"त्याच्या पाया पडायला अजून कोणी आलं नाही," सेलिन म्हणाली.

मी स्वप्नाकडे फक्त दोन आठवडे मागितले. माझ्या वृंदावनातल्या तुळशीला हात जोडले, द्वादशीला तुळस खुडत नाहीत, आज ती नाही ना हे पाहिलं आणि दोन शेंडे कापले. आर्याने एक नळाच्या पाण्यात ठेवला, दुसऱ्याच्या पाण्यात दोन चमचे मीठ घातलं. इन्सुलिन चालूच. मिठातला शेंडा तीन दिवसांत मान टाकून काळवंडला. बाराव्या दिवशी नळाच्या पाण्यातल्याला बोटभर मुळं!

गुरुवारी आर्या ती बाटली घेऊन हॉलमध्ये उभी राहिली. महाराजांनी मुळं पाहिली आणि झेप घातली. "पाहा भक्तहो, औषध टाकल्याचं फळ!"

आर्या म्हणाली, "आज सकाळीही घेतलंय. आता जेवायच्या आधी परत घेणार आहे."

मी उठले. नव्या रुग्णांसाठी मांडलेल्या खोक्यातून एक बाटली उचलली, पळी भरली आणि महाराजांसमोर धरली.

"महाराज, तीर्थ घ्या."

त्यांनी पळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. तिसरी ओळ विसरल्यावर मिटायचे, अगदी तसेच. या वेळी मात्र कोणालाही समाधी वाटली नाही. पळी माझ्या हातून स्वप्नाने घेतली, स्वतःच्या तोंडात रिकामी केली आणि भर सभेत थुंकली. मग एकेक जण येऊन महाराजांच्या पायाशी जमलेल्या ढिगात आपल्या गोळ्या शोधू लागला.

बाबांनो, मी रोज तुळशीला पाणी घालते, पुढेही घालीन. ती माझी माय आहे, तुमच्या गोळ्यांची सवत नव्हे. कीर्तनाला जरूर या, पोटभर रडा, टाळ कुटा. पण जो तुमचं औषध मागतो आणि "चाखू नका" म्हणतो, त्याचं पाणी आधी चाखून बघा. देव त्याने बाटत नाही.

त्या संध्याकाळी आर्याला जेवायला थोडा उशीर झाला. स्वप्नाने सुई भरली तेव्हा तिच्या तोंडाची खारट चव अजून गेली नव्हती.