बशीतला पापुद्रा

मीठ घातलेल्या बर्फात मीटरची तार बुडलेली, आणि आकडा... शून्य. शेजारच्या पाऱ्याच्या थर्मामीटरवर मात्र शून्याखाली पाऊण अंश. ती डोळे चोळते, पुन्हा बघते. शून्यच!

मीटरच्या प्रोग्राममध्ये तीन वर्षांपूर्वी लिहिलेली तिचीच ओळ: दशांशचिन्हापुढचं कापून टाक, पूर्णांक ठेव. साडेतीनचे तीन, ठीक. पण उणे पाऊणचं कापलं की उरतं शून्य, म्हणजे कापून आकडा वर चढतो, आणि 'शून्याखाली गेलं की भोंगा वाजव' ही पुढची ओळ ढिम्म बसून राहते. अगं बाई, एवढं साधं!

आणि रोपवाटिकेचे काका पहिल्याच हिवाळ्यात फोनवर सांगत होते, "ताई, बशीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो, तरी तुमचं यंत्र गप्प." आणि ती काय म्हणाली होती? "काका, मशीन चुकत नाही, माणूस चुकतो." केवढा तो तोरा... आज ते त्यांचं मीटर परत करायला येणार, म्हणून तर आपल्याकडच्या तशाच मीटरची ही तपासणी.

दुरुस्ती एका शब्दाची: कापू नकोस, खालच्या पूर्णांकावर उतर. उणे पाऊणचा उणे एक. तो गुपचूप बदलून काकांना 'सेल उतरला होता' म्हटलं, तर कुणाला पत्ता लागणार आहे?

काका आले. मातकट बोटांनी पिशवी टेबलावर ठेवली.

"काका, चूक माझी होती." तिने पिशवीतून मीटर बाहेर काढलं. "रोपं गेली का हो?"

"छे! पापुद्रा दिसला की गोणपाट घालतो." ते चष्मा पुसत हसले. "पण दोन हिवाळे डोळ्यांच्या डॉक्टरकडे खेटे घातले, ताई. म्हटलं, मलाच नसलेला बर्फ दिसायला लागला."

तिलाही हसू आलं, आणि हसता हसता भरून आलं.

"बशी ठेवाच हं," दुरुस्त मीटर देताना ती म्हणाली.

"ती कोण काढतोय!"

संध्याकाळी रस्त्यात नवऱ्याचा फोन. "कसा गेला दिवस?"

'बरा', ओठांवर आलंच होतं. रोजचंच, पुढचं सगळं कापलेलं. ती फुटपाथच्या कडेला थांबली.

"थांब, नीट सांगते. फार लाज वाटली रे आज..." ती बोलत राहिली. मधेच काकांचा चष्मा आठवायचा, शब्द अडायचे. तरी बरं वाटत होतं... पुरतं नाही, पाऊण.