अंगणातली हुमणी

रूपरावांचा सगळा जीव दारापुढच्या हिरवळीत अडकला होता, आणि हिरवळ रोज पिवळी पडत होती. रोहणा गावची शेती धाकट्या भावाच्या हवाली करून ते बोरगाव मेघेला मुलाकडे राहायला आले, तेव्हापासून त्यांच्या हुकमतीत हरळीचा एवढा एक तुकडा उरला होता. बाकी घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा हाती लागत नव्हता. त्यात या तुकड्यावर मुलाचा, रजतचा डोळा. त्याला तिथे सिमेंटचे गट्टू बसवून गाडी उभी करायची होती.

"गणपतीपर्यंत पाह्यतो, बाबा," तो म्हणाला होता. "गवत सुधरलं तं ठीक. नाई तं गट्टू."

झालं! रूपराव इरेला पेटले. गवताला तहान लागली असणार म्हणून पावसाची जरा उघडीप मिळाली की पाइप सोडू लागले. पिवळे डाग रुंदावले. मग युरिया फेकला. डाग आणखी रुंदावले. शेजारच्या बंडूजींच्या कुत्र्यावर आळ घेतला, तर बंडूजी कुत्र्यासकट समुद्रपूरला लेकीकडे गेलेले निघाले.

"अवो, जरा उकरून तं पाहा," विमलाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"उभी हयात वावरात गेली माही. आता तू मले गवत शिकवून राह्यली?" रूपराव कडाडले. एवढी शेती केलेला माणूस चार हात गवतापुढे हरतो, या संतापाने त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

गणपती बसले त्या सकाळी विमलाबाई दूर्वा खुडायला हिरवळीवर बसल्या. एक जुडी ओढली, तर हरळीचा अख्खा थर सतरंजीसारखा उचलून आला. खाली मुळं नव्हतीच. उघड्या मातीत तपकिरी डोक्याच्या, पांढऱ्या, गुबगुबीत अळ्या अंगाचं वेटोळं करून निवांत पडल्या होत्या.

रूपरावांनी कपाळावर हात मारून घेतला. हुमणी! मुळं खाणारी हुमणी. मुळंच नाहीत तर पाणी पिणार कोण आणि युरिया खाणार कोण?

आणि ती आणली कोणी? त्यांनीच. दुकानातल्या पिशवीबंद खतावर त्यांचा विश्वास नव्हता. उन्हाळ्यात भावाकडून घरच्या गोठ्यातलं शेणखत मागवलं, तेही अर्धं कच्चं. कच्च्या खतात हुमणी माजते हे का त्यांना ठाऊक नव्हतं? पण वावरात असलंच खत खपून जायचं. मागून नांगर फिरायचा, अळ्या उघड्या पडायच्या आणि बगळे, साळुंक्या त्यांचा फडशा पाडायच्या. हिरवळीत कुठला नांगर! घरच्या शेणाच्या तोऱ्यात एवढी साधी गोष्ट सुचली नाही. स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं त्यांना वाटलं.

"आता काय करता?" विमलाबाईंनी विचारलं.

"नांगरतो."

दुसऱ्या दिवशी रजत कामावर गेला आणि रूपरावांनी कुदळ उचलली. मुळं शाबूत असलेली हरळी तेवढी सोडवून ओल्या पोत्यात ठेवली. बाकी सगळं अंगण खोदून काढलं. अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या. हाताला लागल्या नाहीत त्यांच्यासाठी कृषी केंद्रातून हुमणी मारणाऱ्या बुरशीची पावडर आणून मातीत मिसळली. साळुंक्या भिंतीवरून उतरल्या आणि त्यांच्या पायाशी टिपू लागल्या. कंबर मोडली होती, पण कितीतरी दिवसांनी रूपरावांना बरं वाटत होतं. उद्या हरळी लावली की दिवाळीपर्यंत अंगण हिरवं होणार होतं.

संध्याकाळी रजत आला. खोदलेलं अंगण पाहून त्याचा चेहरा एकदम खुलला.

"वा बाबा! पटलं शेवटी तुम्हाले. खोदून बी ठेवलं? मजूर वाचले आपले." त्याने लगेच फोन काढला. "गट्टूवाल्याले उद्याच बोलावतो."

"अरे, हुमणी होती ते! आता हरळी लावून राह्यलो मी."

"आता काऊन? गणपतीपर्यंतचीच बोली होती ना आपली?" रजतने फोन कानाला लावला.

बोली खरीच होती, आणि ती मोडायला रूपरावांकडे एकही कारण नव्हतं. ते अंगणाच्या मधोमध गेले आणि मोकळ्या मातीत मांडी घालून बसले.

"सांग त्याले," ते म्हणाले, "पहिले या बुढ्याले उचला लागते म्हणा."