पन्नास नंबरचं मशीन

प्रिंटर ज्याने शोधून काढला त्याला एकदा मुलुंडला आमच्या काउंटरवर आणून उभा करायला पाहिजे. सकाळी अकरा वाजता, फक्त एक तास. समोर चाळीस माणसं, प्रत्येकाच्या हातात पावती, प्रत्येकाला उशीर होतोय, आणि स्क्रीनवर काय? 'प्रिंटर ऑफलाइन.' अरे ऑफलाइन कसला, हिरवा दिवा लागलाय ना समोर!

मी शिवदास. हे रक्त-लघवी-एक्स-रेचं तपासणी केंद्र आहे आणि इथलं कम्प्युटरचं जे काही बिघडेल ते माझ्या डोक्यावर. पगार एजन्सी देते, शिव्या केंद्र देतं. आठ वर्षं झाली, अजून कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी मालकांची सही झाली तर पुढे, नाहीतर चल निघ. या वेळची सही महिनाअखेरीला होती.

जिन्याखालच्या खोलीत एक जुना कम्प्युटर आहे, तो आमचा प्रिंट सर्व्हर. सगळ्या टेबलांवरून प्रिंटचे हुकूम त्याच्याकडे येतात, तो ते ओळीने प्रिंटरकडे सोडतो. गेले पाच आठवडे हा बाबा मध्येच गायब व्हायचा. मी तो बंद करून चालू केला, केबल बदलली, प्रिंटरचं सॉफ्टवेअर पुसून नव्याने घातलं. तासभर गाडी रुळावर, की पुन्हा ठप्प. एखादा दिवस अजिबात अडकायचा नाही, मी हुश्श करायचो, की दुसऱ्या दिवशी परत वाट लागली. डोक्याला नुसता शॉट.

या सगळ्यात भरडल्या गेल्या शुभाताई. रिपोर्ट वाटायच्या काउंटरवर एकवीस वर्षं, वय सत्तावन्न. त्यांची कामाची एक पद्धत होती. सकाळी पाकिटांवर नावं घालून ती ओळीने मांडायची, त्याच क्रमाने प्रिंट द्यायच्या आणि कागद येतील तसे पाकिटात सरकवायचे. एकवीस वर्षांत एक चूक नाही, कारण कागद दिल्या क्रमानेच यायचे. पण सर्व्हर अडकला की प्रिंट येईना, म्हणून त्या पुन्हा बटण दाबायच्या, पुन्हा दाबायच्या. मग सर्व्हर शुद्धीवर आला की शंभर कागद भसाभस बाहेर, एकाचे चार चार, सगळा क्रम उलटापालटा.

आणि एक दिवस व्हायचं ते झालं. एका बाईंच्या पाकिटात दुसऱ्याच बाईंचा गाठीचा रिपोर्ट गेला. ती बिचारी धडधाकट बाई दोन दिवस घरी रडत बसली. तिसऱ्या दिवशी तिचा नवरा आला आणि काउंटरवर जो काही तमाशा झाला तो खालच्या वडेवाल्यानेसुद्धा वर येऊन पाहिला.

यज्ञेश सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. केंद्राचे मालक, आमचे मोठे डॉक्टर, थकल्यापासून त्यांचा हा मुलगाच सगळं बघतो.

"शिवदास, मला लेखी पाहिजे. मशीनचा प्रॉब्लेम आहे की माणसाचा?"

मला कारण सापडलेलं नव्हतं. पण 'सापडलं नाही' असं लेखी देणारा कंत्राटी माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी लिहिलं: सर्व्हरमध्ये दोष नाही, काउंटरवरून एकच प्रिंट अनेकदा दिल्याने रांग अडकते. अर्धं खरं होतं ना! खाली सही ठोकली. सोमवारी शुभाताईंना सांगितलं, गुरुवारी चौकशी, तोपर्यंत घरी बसा. पर्स उचलताना त्या मला म्हणाल्या, "तू शोधशील रे कारण. मला खात्री आहे."

मंगळवारी प्रिंटर लोण्यासारखा चालला. रिसेप्शनवरची जान्हवी म्हणाली, "बघ शिवदासदादा, बाई घरी गेल्या आणि प्रिंटर सुधारला."

मला राग आला. उचलली जीभ, लावली टाळ्याला! एकवीस वर्षं या बाईंनी तुम्हाला डब्यातली घावनं खायला घातली ना गं? म्हटलं, थांब, तुला दाखवतोच. बिघाडाचे दिवस मी एका वहीत लिहीत होतो, ती काढली. सोमवार, बुधवार, गुरुवार, शनिवार. मंगळवारी एकदाही नाही, शुक्रवारी एकदाही नाही. शुभाताई तर सहाही दिवस असायच्या. मंगळवारी नि शुक्रवारी कोण नसतं? यज्ञेश सर. ते बोरिवलीच्या शाखेत असतात, लॅपटॉपसकट.

आणि तो लॅपटॉप मीच जोडून दिला होता.

झालं होतं असं. सरांना कुणी अंकशास्त्राचे गुरुजी भेटलेत. गाडीच्या नंबरची बेरीज पाच, मोबाइलची पाच. पाच आठवड्यांपूर्वी नवा लॅपटॉप आला तेव्हा सर म्हणाले, "शिवदास, नेटवर्कमध्ये प्रत्येक मशीनला नंबर असतो ना? मला पाच येईल असा दे." आणि मुहूर्त कधीचा, तर रविवारचा! केंद्र बंद, सगळी मशीन बंद. मी पन्नास नंबरला हाक मारून बघितली, कुणी ओ दिली नाही, म्हणजे नंबर मोकळा. नंबरांची यादी जिन्याखालच्या खोलीत भिंतीवर लावलेली होती. पण चावी वॉचमनकडे, वॉचमन चहाला गेलेला, आणि मला घरी जायची घाई. दिला पन्नास.

आता खोली उघडून ती यादी पहिल्यांदाच वाचली. पन्नास: प्रिंट सर्व्हर. एका नंबरची दोन मशीन एकाच वेळी चालत नाहीत. सर अकराला येऊन लॅपटॉप उघडत होते आणि खाली सर्व्हरचा गळा आवळला जात होता. इतकी साधी गोष्ट, पोरासोरालाही सापडेल अशी. पाच आठवडे मी प्रिंटरला शिव्या घालत होतो. माझी आई मालवणीत म्हणते, "केला तुका नि झाला माका." इथे उलटंच, केलं मी आणि झालं त्यांना.

आता ऐका. मला फक्त काहीच न करता बसायचं होतं. बुधवारी अकराला सर आले असते, शुभाताई घरी असताना प्रिंटर ठप्प झाला असता, आणि चूक त्यांची नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण मग सरांनी विचारलं असतं, आज का अडकला? आणि मग यादी, रविवार, माझा लेखी रिपोर्ट, सगळं उघडं पडलं असतं. महिनाअखेर दहा दिवसांवर होती.

मी दार आतून लावलं आणि सर्व्हरचा नंबर बदलला. साठ केला. सगळ्या टेबलांवर जाऊन नवा नंबर घातला, कुणी विचारलं तर म्हटलं, अपडेट आहे. अर्धा तास लागला. मनाशी म्हटलं, गुरुवारी चौकशीत बोलू. शपथेवर सांगतो, तेव्हा मला तसंच वाटत होतं.

बुधवारी सर आले, लॅपटॉप उघडला, प्रिंटर चालूच राहिला. गुरुवारीही चालला. चौकशीच्या आधी सरांनी मला विचारलं, "तीन दिवस एकदाही अडकला नाही ना?"

"नाही सर."

"म्हणजे तुझा रिपोर्ट बरोबर होता."

इथे बोलायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. निघालं काय, तर "हो सर." थू माझ्या जिनगानीवर.

आत चौकशी पंधरा मिनिटांत संपली. शुभाताई बाहेर आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी. डोळे कोरडे होते. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "राजीनामा दिला रे."

"ताई, अहो, असं कसं? कशाला?"

"सर म्हणाले, चूक मान्य करून सन्मानाने जा, नाहीतर मशीनची पूर्ण तपासणी लावतो, बाहेरची माणसं बोलावतो. मला वाटलं, ती लोकं येऊन काहीतरी खुसपट काढणार आणि तुझ्या कराराच्या तोंडावर तुझ्या गळ्यात मारणार. तुझी मुलगी आत्ता कुठे पहिलीत गेली आहे. आणि खोटं कशाला बोलू, माझाच हात चुकत असणार. मी घरी बसले त्या दिवसापासून एकदाही अडकला नाही म्हणे. मी तुला पाच आठवडे उगाच पळवलं रे. रागावू नकोस हां."

जान्हवी काउंटरवरून बघत होती. मी उठलो, पुन्हा बसलो. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि सर अजून केबिनमध्येच होते.

मी म्हणालो, "नाही ताई, रागावतोय कशाला. होतं असं कधीकधी."