नवालीनवरचा गोल

सेनेन किरोसने गोल मारला की तो आधी माफी मागायचा.

ज्या क्लबची जर्सी एकदा अंगावर घातली, त्या क्लबवर गोल मारून नाचायचं नाही, ही स्पेनमधल्या फुटबॉलची रीत. मोठ्या नावाच्या खेळाडूंना ती आयुष्यात दोन-चारदा पाळावी लागते. सेनेनचं तसं नव्हतं. अस्तुरियास प्रांताच्या खालच्या गटातला हा स्ट्रायकर, बारा गावचं पाणी अक्षरशः प्यायलेला. मे महिन्यात नारळ मिळायचा, ऑगस्टमध्ये नवी जर्सी. त्यामुळे जवळजवळ दर रविवारी समोर कुठला ना कुठला जुना क्लब उभा असे. गोल झाला की हा मान खाली घालून हात जोडी आणि सुतकात असल्यासारखा मधल्या रेषेकडे चालू लागे.

त्याच्या बापाला, बेलार्मिनोला, याची भयंकर चीड. खाणीत उभं आयुष्य काढलेला माणूस, गोलपोस्टमागच्या कठड्याला टेकून पोराची एकही मॅच चुकवायचा नाही.

"गोल मारलास की कुणाला पुरून आलास?" तो विचारायचा. "मरायच्या आधी एकदा तरी तुला नाचताना बघू दे रे!"

यंदा सेनेन सांता मरीनात परतला होता, आपल्या गावच्या क्लबकडे, जिथे त्याने पहिल्यांदा बूट बांधले होते. वय सदतीस. एका गुडघ्याने त्याच्याशी कधीच वैर धरलेलं. एप्रिलमध्ये कोचने खांद्यावर हात ठेवून सांगितलं की पुढच्या वर्षी तरुण पोरांना संधी द्यायची आहे. सेनेनने घरी जाऊन जाहीर केलं, संपलं आपलं. बायकोने त्याच्या ताटात आणखी दोन बटाटे वाढले.

शेवटची मॅच नवालीनशी होती. डोंगरातला हा क्लब यंदाच आणखी खालच्या गटातून वर आलेला, आणि गटात सेनेनने ज्याची जर्सी कधीच घातली नव्हती असा हा एकच! पहिल्या फेरीत गुडघ्यामुळे तो त्यांच्याशी खेळलाही नव्हता. ही गोष्ट लक्षात आल्यावर गावात दुसरा विषय उरला नाही.

"आजोबा," गोलकीपर फोन्सो म्हणाला, "रविवारी गोल मारलात तर नाचायचं हं. सांध्यांना तेल घालून या."

सेनेन हसला, पण मनातून पुरता हुरळला होता. कामावर दुधाचा टँकर चालवताना त्याने काचा बंद करून एक आरोळीही ठोकून पाहिली. आवाज चिरकला.

मॅचच्या आधी मैदानाच्या बारमध्ये नवालीनच्या एतेल्विनाबाई त्याच्या शेजारी येऊन बसल्या. क्लबच्या अध्यक्ष, जर्सी धुणाऱ्या आणि तिकिटं फाडणाऱ्या, तिन्ही त्याच.

"काय रे, म्हातारा झालास म्हणे?"

"हे लोक म्हणतात तसं, एतेल्विनाबाई."

"मी नाही म्हणत. पुढच्या वर्षी वर ये आमच्याकडे. पैसे जेमतेम, थंडी भरपूर. रविवारी खेळ, बाकी दिवस पोरांना शिकव. माझ्याकडे गोल मारणारा एक नाही."

सेनेनने कॉफीचा कप खाली ठेवला. "विचार करतो," तो कसाबसा म्हणाला.

"कर. पण उत्तर आज, मॅच संपायच्या आत. अंधार पडायच्या आधी बसला घाट चढायचाय. आणि माझ्याकडे बघून आज पाय आखडता घेतलास तर शब्द परत घेईन, सांगून ठेवते."

मॅच रटाळ होती. दोन्ही संघांना ना काही मिळवायचं होतं, ना गमवायचं. लोक सूर्यफुलाच्या बिया सोलत बसले होते. सेनेनने एक सोपा चेंडू आभाळात धाडला, दुसरा थेट गोलकीपरच्या हातात दिला. बेलार्मिनोने टोपी काढून कठड्यावर आपटली. मग अगदी शेवटी, बापासमोरच्याच पोस्टजवळ कॉर्नर आला. सेनेन बचावपटूच्या पुढे घुसला, मान वळवून डोकं लावलं, आणि चेंडू जाळ्यात.

सगळं मैदान उठलं. फोन्सो पलीकडच्या टोकाहून धावत सुटला. बेलार्मिनोने तर स्वतःच दोन्ही हात वर केले होते. सेनेन पळाला. आरोळी घशाशी आली, हात खांद्यापर्यंत उचलले गेले, आणि तेवढ्यात नवालीनच्या बाकावर एतेल्विनाबाई दिसल्या. बिया चघळायचं थांबवून त्या त्याच्याकडेच बघत होत्या.

ती आरोळी त्याला हवी होती. वर्षानुवर्षं हवी होती. पण ऑगस्टमधलं ओलं गवत आणि नव्या जर्सीचा वास त्याहून जास्त हवा होता, हे त्याला तिथे, धावता धावता कळलं.

तो थांबला. नवालीनच्या बाकाकडे वळला, मान खाली घातली आणि हात जोडले.

फोन्सो धापा टाकत पोहोचला. "अरे, हे काय करताय? यांच्याकडे कधी खेळलात तुम्ही?"

"अजून नाही," सेनेन म्हणाला.

बाकावर एतेल्विनाबाईंनी टरफल थुंकलं. "समजलं!" त्या ओरडल्या. "आता खेळ पुढे!"

सेनेन कठड्याजवळून परतू लागला. बेलार्मिनोचे हात अजून हवेतच होते. तोंडाशी आलेली शिवी तशीच राहिली. त्यालाही उमगलं होतं.

"म्हणजे पुढच्या वर्षी दर दुसऱ्या रविवारी मला तो घाट चढावा लागणार?"

"हो, बाबा."

"आणि तू तिथेही हातच जोडणार. आपल्या गावावर गोल मारलास तरी?"

"जोडावे लागतील."

म्हाताऱ्याने टोपीने डोळे पुसले. "ठीक आहे. मग ओरडायचं काम माझं," तो म्हणाला, आणि खाणीत कमावलेला तो आवाज त्याने असा काही लावला की रेफरीसुद्धा वळून बघायला लागला.